जुन्या कोर्टातले दहा शनिवार

बोरिवली
शनिवार, १८ जानेवारी २०२५

श्रीमती सगुणाबाई यांस,

आज साडेदहापासून साडेबारापर्यंत मी कोर्टात बसून होते. तुम्ही श्रुतिकाला घेऊन आला नाहीत. चार तारखेलाही आला नव्हतात.

तुम्हाला ठाऊक आहे तरी लिहिते, म्हणजे विसरलो असं नंतर नको. गेल्या जूनमध्ये कोर्टाने ठरवून दिलं आहे की पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, अकरा ते बारा, कोर्टाच्या बालकक्षात मी माझ्या नातीला भेटायचं. तुमच्या रुचिराला विमानतळावरच्या नोकरीत शनिवारी सुट्टी नसते, म्हणून मुलीला तुम्ही आणायचं. डिसेंबरपर्यंत तुम्ही आणलंत. नववर्ष लागलं आणि बंद केलंत.

आता आपली केस नव्या कोर्टात आहे. विधानसभेने कायदा केला आणि एक जानेवारीपासून अंधेरी ते दहिसर भागातल्या घरगुती केसेस चेकनाक्याजवळच्या नव्या कोर्टात गेल्या. मला सिद्धेश वकिलांनी मेसेज केला. तुम्हालाही कळवलं असेलच.

कोर्ट म्हणजे एका इमारतीचे दोन मजले. खाली टाइल्सचं दुकान आहे. वर ‘बालकक्ष’ असा बोर्ड आहे, रंग अजून ओला वाटतो. दाराला कुलूप. किल्ली कोणाकडे ते वॉचमनला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, “मॅडम, बोर्ड आलाय, माणसं यायचीत.” तरी मी बाहेरच्या खुर्चीवर बसून राहिले. खोली नसती तर बाहेर भेटलो असतो. पण तुम्ही यायला हवं होतं.

वकिलांनी सांगितलं आहे की परस्पर फोन करायचा नाही. पत्राबद्दल ते काही बोलले नाहीत. हे रजिस्टरने पाठवते आहे. एक फेब्रुवारीला यावं.

मालन कांदळकर


बोरिवली
शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

श्रीमती सगुणाबाई यांस,

पोचपावतीवर तुमचा अंगठा आला, म्हणजे पत्र मिळालं. वाचून दाखवायला तुमच्याकडे माणसं कमी नाहीत. उत्तर नाही, आणि एक तारखेलाही तुम्ही आला नाहीत, आजही नाही.

मी फार बोलणारी बाई नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं काम केलं, तिथे बाटलीवर चिठ्ठी लावायची आणि गप्प राहायचं, हेच काम. तरी आज लिहिते.

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट तुम्हाला आठवत नसेल. मी श्रुतिकासाठी हळदीचे कागद नेले होते. गाळणीचा कागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायचा. त्यावर साबणाचं पाणी टाकलं की पिवळ्याचा लाल होतो. माझ्या निलेशला लहानपणी मी हेच दाखवायचे. श्रुतिकाने बोट बुडवलं, कागद लाल झाला, ती ओरडली, “जादू!” तुम्ही कोपऱ्यात बसून पिशवी नीट करत होतात. मान वर न करता म्हणालात, “जादू कसली गो. साबण हाय.” आणि ती हसली. माझ्या जादूला हसली नव्हती तेवढी तुमच्या बोलण्याला हसली.

तो तास माझा होता, सगुणाबाई. महिन्याचे दोनच तास. त्यातही तुम्ही खोलीत बसून असायचात. बालकक्षाच्या कुंदाबाई तुम्हाला बाहेर बसायला सांगत, तुम्ही म्हणायचात, “बसतंय की इथं, खाते काय तुमाला?” ती तुम्हाला बय म्हणते. मला नुसतं आजी. आजी ती बसमधल्या कोणालाही म्हणेल.

पूर्वी ती ‘मला’ म्हणायची. आता ‘मना’ म्हणते. मना पानी दे. आमच्याकडे गावी माका म्हणतात. तेही मी तिच्यावर कधी लादलं नाही. तुम्ही मात्र दीड वर्षात तिची बोली बदलून टाकलीत. डिसेंबरमध्ये तिच्या दोन वेण्या घट्ट, तेल लावून घातलेल्या होत्या. माझ्याकडे होती तेव्हा ती वेणी घालू द्यायची नाही, रडायची. तुमच्याकडे कशी बसते?

याचं उत्तर नको. मुलीला आणा.

मालन कांदळकर


बोरिवली
सोमवार, १७ मार्च २०२५

श्रीमती सगुणाबाई यांस,

एक मार्च, पंधरा मार्च. तुम्ही आला नाहीत. आता मी मोजते आहे, आणि लिहूनही ठेवते आहे.

आज मुद्दाम कामाच्या दिवशी कोर्टात गेले. शनिवारी तिथे वॉचमनशिवाय कोणी नसतं. आज कुंडलिक नावाचे क्लार्क भेटले. दुसऱ्या कोर्टातून आठवड्याचे तीन दिवस पाठवलेले आहेत. टेबलावर पंखा नाही, रद्दीच्या पुठ्ठ्याने वारा घेत होते. मी म्हटलं, बालकक्ष कधी उघडणार?

“ताई, इथे एक्केचाळीस माणसं मंजूर आहेत कागदावर. आहेत सहा. सहावा मी, तो पण अर्धा.”

“कायदा होऊन तीन महिने झाले.”

“कायदा एका दुपारी होतो. माणसं बजेटमधून येतात. या वर्षी बजेटला नव्या कोर्टांची मागणी निम्मी कापली. आता पुढच्या मार्चपर्यंत हेच.” मग पुठ्ठा हलवत म्हणाले, “समुपदेशक नाही, बालकक्षाची बाई नाही, नोटिसा घेऊन जाणारा बेलीफ नाही. जजसाहेबांकडे दुसऱ्या कोर्टाचा चार्ज आहे, ते महिन्यातून एक दिवस येतात. त्या दिवशी मी त्यांचा क्लार्क, त्यांचा शिपाई आणि त्यांचा चहावाला.”

“माझी फाइल?”

“तुमचा नंबर आलाय. फाइल नाही आली. फायली जुन्या कोर्टातच गठ्ठे बांधून पडल्यात. टेम्पोला मंजुरी नाही.”

मी त्यांना विचारलं, दुसरी बाजू मुलीला आणत नसेल तर काय करायचं. त्यांनी अर्जाचा नमुना दिला. सिद्धेशने तो भरला. कोर्टाचा आदेश असूनही मुलीची आजी तिला मुद्दाम आणत नाही, असं लिहिलं आहे. सिद्धेश म्हणतो हे सिद्ध झालं तर भेटीचा प्रश्नच नाही, मुलगी शुक्रवार ते रविवार माझ्याकडे मागता येईल. मी सही केली.

हे तुम्हाला आधी सांगावं असं मला वाटलं. मागाहून करणाऱ्यातली मी नाही.

आदेशात उलट अटही आहे. अर्जदार, म्हणजे मी, सलग तीन वेळा आले नाही तर माझी भेट बंद. त्या अटीची मला भीती नाही. ताप असताना मी गेले आहे.

मालन कांदळकर


बोरिवली
रविवार, २० एप्रिल २०२५

सगुणाबाई,

आज मी दांड्याच्या मासळी बाजारात आले होते. तुम्ही मला पाहिलं नाहीत. अंडीवाल्याच्या मागे उभी होते.

श्रुतिका तुमच्याजवळ पाटावर बसली होती. गुडघ्यापर्यंत फ्रॉक, पायात तुमच्याच मोठ्या चपला. एका गिऱ्हाईक बाईने विचारलं, “सुरमई ताजी आहे का गं?” तर ती म्हणाली, “काकी, डोले बघा तिचे. तुमच्यापेक्षा जागी हाय.” सगळे हसले. तुम्ही तिच्या डोक्यात टपली मारलीत आणि त्या बाईला म्हणालात, “ए बाय, मावरं घेते तं घे, नाय तं बाजूला हो, मागच्यांना दिसू दे.” तीही हसतच होती. तुमच्याकडे माणसं शिव्या खाऊन हसत जातात.

निलेशही असाच जायचा. लग्नानंतर दर रविवारी दांड्याला. मी भात, आमटी, त्याला आवडते ती कुळथाची पिठी करून ठेवायचे. तो संध्याकाळी येऊन म्हणायचा, “आई, पोट भरलंय गं, सासूने सोडलंच नाही.” आणि माझ्या ताटातलं नुसतं चाखायचा. त्याने तुम्हाला पहिल्या महिन्यातच अगं म्हणायला सुरुवात केली. मला तो कधी काही सांगायचा नाही, मीही विचारायचे नाही. आम्हा दोघांचं असंच होतं आणि ते मला पुरत होतं. तुमच्या घरी तो बडबड करतो हे मला रुचिराकडून कळलं.

तो गेला त्या दिवशी तुम्ही आमच्या दारात बसून छाती पिटून रडलात. इमारतीतल्या बायका तुम्हाला धरायला धावल्या. तुम्हाला पाणी दिलं, तुमच्या पाठीवरून हात फिरवला. मी आत होते, त्याचे पाय सरळ करत. मला रडता येईना. माझ्या मुलासाठी तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्याने रडलात, आणि लोकांना वाटलं आई तुम्हीच. हे मी कोणाला बोलले नाही. तुम्हाला लिहिते आहे, कारण ते तुमच्यामुळे आहे.

आणि तेराव्याला जे झालं तेही लिहिते. अर्जात सिद्धेशने ‘किरकोळ मतभेद’ असं लिहिलं आहे. ते किरकोळ नव्हतं. मी रुचिराला म्हणाले, तू नारळी पुनवेला माहेरी नाचायला गेलीस, तेव्हा माझ्या मुलाला ताप होता. तू इथे असतीस तर तो असता. सगळ्यांसमोर म्हणाले. ती उठली. श्रुतिकाला उचललं आणि चपला न घालता खाली उतरली. तुम्ही मागून तिच्या चपला घेऊन गेलात.

रुचिरा पुनवेला गेली तेव्हा त्याला ताप नव्हता. ताप दुसऱ्या रात्री आला. डेंग्यू आहे हे तीन दिवस मलाही कळलं नाही, आणि घरात मीच होते. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

म्हणून तुम्ही मुलीला आणत नाही, असंच ना? रुचिराने सांगितलं असेल, जाऊ नको तिच्याकडे. मग कोर्टात तसं सांगा. पण मी चेकनाक्याला खुर्चीवर बसून रस्त्याकडे बघत राहायचं, आणि तुम्ही तिला पाटावर बसवून गिऱ्हाइकांना हसवायचं, हे मला सहन होत नाही. कालही मी पावणेबारापर्यंत जिन्यावर प्रत्येक पाऊल ऐकत होते. सगळी टाइल्सच्या दुकानातली माणसं.

मालन


बोरिवली
शुक्रवार, २७ जून २०२५

सगुणाबाई,

माझ्या आधीच्या चार पत्रांपैकी एकही तुम्ही वाचलेलं नाही, हे मला काल कळलं. ती चारही माझ्यासमोर टेबलावर आहेत, पोस्टाच्या शिक्क्यासकट, चिकटवलेली होती तशी.

बुधवारी कुंडलिकांचा फोन आला. टेम्पो मंजूर झाला, फायली आल्या, तुमची बघून घ्या, सोमवारी सात जुलैला साहेब बसणार आहेत आणि तुमचा अर्ज त्या दिवशी आहे. काल गेले. जिन्यावर, व्हरांड्यात, बालकक्षात, सगळीकडे गठ्ठे. बालकक्ष उघडला तो गठ्ठे ठेवण्यासाठी. कुंडलिकांनी फाइल शोधून दिली आणि ते खाली दुसरा टेम्पो उतरवून घ्यायला गेले.

फाइलच्या शेवटी माझी चार बंद पाकिटं आणि सुतळीने बांधलेल्या दहा चिठ्ठ्या होत्या. जुन्या कोर्टाच्या कुंदाबाईंचं अक्षर. चार जानेवारी, मुलीला घेऊन आजी हजर, अर्जदार गैरहजर. अठरा जानेवारी, तसंच. एक फेब्रुवारी, पंधरा फेब्रुवारी. मे महिना कोर्टाची सुट्टी, तो सोडून एकवीस जूनपर्यंत. मी जे दहा शनिवार चेकनाक्याला बसले, तेच दहा.

मला आधी खोटं वाटलं. मग मी खालच्या सह्या पाहिल्या. प्रत्येक चिठ्ठीवर तुमचा अंगठा, आणि बाजूला श्रुतिकाने आपलं नाव लिहिलेलं. जानेवारीत अक्षरं वेगवेगळ्या दिशांना पडली होती. मार्चमध्ये ओळ धरली. जूनमध्ये पूर्ण नाव, श्रुतिका निलेश कांदळकर, न खोडता. मी तिला लिहायला शिकताना पाहिलं ते असं, सुतळीत बांधलेलं.

आणि पाच एप्रिलपासून तुमचा अंगठा नाही. सही आहे. सगुणा. ‘ण’ मोठा, बाकीची अक्षरं त्याला धरून उभी. एप्रिलच्या पत्राच्या पोचपावतीवर सही आली होती तेव्हा मला वाटलं रुचिराने केली. ती तुमची होती.

आज मी जुन्या कोर्टात जाऊन कुंदाबाईंना भेटले. त्यांनी मला पाहिलं आणि हातातला झाडू खाली ठेवला.

“तुम्ही जिवंत आहात? मला वाटलं, आजारी-बिजारी पडलात.”

मी म्हटलं, केस नव्या कोर्टात गेली होती, मी तिथे जात होते.

“मला कोण सांगणार? मी कंत्राटावर. माझ्या रजिस्टरमधनं तुमचं नाव उडालं, पण फाइल तर वर पडलेली. म्हणून चिठ्ठ्या लिहिल्या. त्या बाईला तरी कुठे माहीत! तिचा फुकटचा वकील होता, त्या वकिलांची यादीच कापली सरकारने. ती मला म्हणायची, कागदावर हीच खोली लिवलीय ना, मग इथंच यायचं.”

“एकदाही चुकली नाही?”

“एकदा शिमग्याचं काय होतं त्यांच्यात, तरी आली. चुकायची कशाला? पोरगी ओढून आणायची ना. दर वेळी पिशवीत ते पिवळे कागद. तुमचे. आजी आली की लाल करायचे म्हणून ठेवलेले. मी म्हटलं आपण करू या, तर नाही म्हणाली. तास कसा काढायचा, मग तिने तिच्या बयला सही शिकवायला घेतली. काय मारामारी! म्हातारी म्हणायची, माझा अंगठा काय वाईट हाय? पोरगी म्हणायची, अंगठा सगल्यांचा सारकाच दिसतो.”

तुम्ही माझी पत्रं का फोडली नाहीत तेही त्यांनीच सांगितलं. तुमच्या वकिलाने पूर्वी बजावलं होतं की रजिस्टरने आलेला कागद कोर्टाचा असतो, तो न फोडता कोर्टात द्यायचा. तुम्ही चारही वेळा पाकीट कुंदाबाईंच्या हातात दिलंत आणि त्यांनी ते फाइलला लावलं. साध्या टपालाने पाठवलं असतं तर जानेवारीतच कोणाकडून तरी वाचून घेतलं असतंत. मिळालं नाही असं व्हायला नको म्हणून मी रजिस्टर केलं.

आता कालची एक गोष्ट. ही तुम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून मीच लिहिते.

कुंडलिक खाली होते. फाइल माझ्या मांडीवर होती. चिठ्ठ्यांची नोंद कुठेही नव्हती, सुट्या होत्या. त्या नसत्या तर माझा अर्ज खरा ठरला असता, कारण तुम्ही चेकनाक्याला आला नाहीत हे तर वॉचमनही सांगेल. त्या असल्या तर मी सलग दहा वेळा गैरहजर. नव्या कोर्टात मी आले याची नोंद कोणी केली नाही, करायला माणूसच नव्हता. तीनला भेट बंद होते.

मी सुतळी सोडली. पत्रं आणि चिठ्ठ्या, दोन्ही पर्समध्ये टाकून उठले. भीती वाटली नाही. तुमच्याबद्दल जे वाटत होतं तेच वाटत होतं. मी हजर नसताना तिने तुम्हाला शिकवलं. मी एकोणतीस वर्षं शाळेत होते, आणि माझ्या नातीने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला शिकवलं ते तुम्हाला. ती बसायची तो बाक, तो तास, तोही तुम्हालाच मिळाला. माझा तास. त्या रागात मी पहिल्या मजल्यापर्यंत उतरले.

तिथे एक माणूस डोक्यावर गठ्ठा घेऊन वर येत होता, म्हणून भिंतीला टेकून उभी राहिले. पर्स छातीशी धरली होती. तेव्हा लक्षात आलं की दहा वेळा ती माझी वाट पाहत बसली होती, आणि याचा पुरावा जगात एवढाच आहे. तो मी फाडायला निघाले होते.

वर गेले. चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या, सुतळी बांधली. कुंडलिक आले तेव्हा त्यांना म्हटलं, या चिठ्ठ्यांची नोंद करून घ्या, आत्ता, माझ्यासमोर. ते म्हणाले, “ताई, या तुमच्याच विरुद्ध आहेत.” मी म्हटलं, माहीत आहे. त्यांनी पुठ्ठा खाली ठेवला आणि एक ते दहा नंबर घातले. माझी पाकिटं दाखवली तर म्हणाले, “ही घेऊन जा. यांची नोंद करत बसलो तर मी पुढच्या बजेटला घरी जाईन.”

सिद्धेश आज चिडला. अर्ज मागे घ्यायचा तर तोही साहेब बसतील तेव्हाच घेता येतो, आणि त्याच दिवशी दुसरी बाजू माझी भेट बंद करा म्हणू शकते. तो म्हणाला, “काकू, निदान गप्प तरी बसा, त्यांना वकील नाहीये.” मी गप्प बसणार नाही. साहेबांनी विचारलं तर चिठ्ठ्या खऱ्या आहेत असं सांगणार. तुम्ही माझ्या बाजूने बोलावं म्हणून हे लिहीत नाही. तुम्हाला काय बोलायचं ते बोला. तुमचा तो हक्क आहे.

अर्जाची नोटीस तुम्हाला मिळाली असेल. सहा महिन्यांत त्या कोर्टाने वेळेवर पाठवलेला तेवढाच एक कागद. कुंडलिक म्हणाले, घरी जाताना स्वतः टपालात टाकली. तीवर नव्या कोर्टाचा पत्ता आहे, म्हणजे पाच जुलैला आता तुम्ही चेकनाक्याला जाल, आणि मी जुन्या कोर्टात. पुन्हा तेच.

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. चार जुन्या पत्रांबरोबर पिशवीत ठेवते आणि हातात देते. वाचून घ्यायची की नाहीत, कोणाकडून, ते तुम्ही ठरवा. एप्रिलचं पत्र मात्र रुचिराला द्या. त्यात एक गोष्ट तिच्यासाठी आहे, ती मी तेराव्याला सगळ्यांसमोर बोलायला हवी होती.

निरोपापुरतं एक कार्ड वेगळं लिहिते, साधं, उघडं, ज्याला कोणी नोटीस समजणार नाही. ते तुमच्या घरी ज्याला वाचता येतं त्याच्या नावाने.

मालन


पोस्टकार्ड
बोरिवली, सोमवार, ३० जून

माझी चिमणी,

हे कार्ड मोठा आवाज काढून बयला वाचून दाखव. अडलं तर थांब, मग पुढे जा.

मी तुझी बोरिवलीची आजी. तू दहा शनिवार माझी वाट बघितलीस. मी येत होते, पण चुकून दुसरीकडे. तू तिकडे बसलीस, मी इकडे बसले. मला वाटलं बय तुला आणत नाही. बय आणत होती. बय खरी. मी चुकले. ही ओळ बयला दोनदा वाचून दाखव.

येता शनिवार, पाच तारीख, सकाळी नऊ वाजता मी तुमच्या घरी येते. आपण तिघी एका गाडीत बसू. कुठे जायचं ते बय सांगेल. पिवळे कागद जपून ठेव. साबण मी आणते.

तू बयला सही शिकवलीस. मला सही येते. मला येत नाही असं काही तरी शोधून ठेव.

तुझी,
आजी